इंजिन वॉशनंतर गाडी बंद. ‘मालकाच्या जबाबदारीवर’ या पाटीचं काय?

प्रश्न: वॉशिंग सेंटरवर कार धुवायला दिली. तिथल्या मुलाने बॉनेट उघडून काहीही न झाकता प्रेशर गनने इंजिनही धुतलं. संध्याकाळी इंजिन मिसिंग करू लागलं, चेक लाइट लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी स्टार्टच होईना. गॅरेजवाल्याच्या मते ईसीएममध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या डबीत पाणी गेलंय, खर्च ४२ हजार. सेंटरवाला ‘इंजिन वॉश मालकाच्या जबाबदारीवर’ ही पाटी दाखवतो. ४०० रुपये यूपीआयने दिले, बिल मिळालं नाही. काही करता येईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: करता येईल. पण आधी गॅरेजला फोन करा आणि सांगा, जुना ईसीएम फेकायचा नाही, एक्सचेंजमध्येही द्यायचा नाही. तुमची केस त्या डबीवर उभी आहे.

तुमची दुखरी बाजू म्हणजे मधली रात्र. सेंटरवाला म्हणणार, ‘गाडी इथून चालत गेली, पुढे काय झालं मला काय ठाऊक?’ म्हणून ईसीएम उघडताना कनेक्टरच्या पिनांचे, आतल्या ओलाव्याचे तारखेसह फोटो घ्या. पिनांवर मुरलेला हिरवट गंज निघाला तर मात्र पाणी आधीपासूनच झिरपत होतं, असा बचाव होईल. तसं असेल तर मलाही आधी सांगा. शक्यतो अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून लेखी अहवाल घ्या आणि तपासणाऱ्या मेकॅनिकचं प्रतिज्ञापत्र जोडा. टोइंगची पावती जपून ठेवा.

हलगर्जी कशात, हे तक्रारीत नेमकं लिहा: बॅटरीचा निगेटिव्ह काढला नाही, अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, ईसीएम, एअर इनटेक प्लास्टिकने झाकले नाहीत, गनचा दाब कमी केला नाही. गाडीच्या मॅन्युअलमध्ये इंजिनवर पाणी मारू नये असा इशारा असेल तर त्या पानाची झेरॉक्स लावा. ‘मग तुम्हालाही ठाऊक होतं’ असं ते म्हणतील. म्हणू द्या, धुण्याचा धंदा त्यांचा आहे.

आता पाटी. धुवायला दिलेली गाडी म्हणजे भारतीय करार कायदा, १८७२ नुसार निक्षेप, म्हणजे बेलमेंट. कलम १५१ प्रमाणे ती घेणाऱ्याने सर्वसामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यायलाच हवी. दिल्लीच्या ताज महाल हॉटेलच्या व्हॅलेट पार्किंगमधून कार चोरीला गेली, त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं की ‘ओनर्स रिस्क’ छापून स्वतःच्या नोकरांच्या निष्काळजीपणातून सुटता येत नाही. तो मामला चोरीचा होता, तुमचा बिघाडाचा; तरी तत्त्व तेच.

बिल नाही म्हणून अडत नाही. यूपीआयची नोंद पैसे दिल्याचा पुरावा आहे. उलट, सेवा देऊन बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) नुसार अनुचित व्यापार प्रथा. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते आणि तुम्ही सेवेसाठी मोजलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असल्याने शुल्क शून्य. मागणी दुरुस्ती, टोइंग आणि माफक खर्चाची ठेवा. मानसिक त्रासाचे लाखो रुपये लिहिले की मूळ तक्रारच पातळ दिसते. पोलिसांत फसवणुकीची तक्रार करायचा सल्ला कुणी दिला असेल तर ऐकू नका, यात फसवणूक नाही. विम्याच्या साध्या पॉलिसीत इलेक्ट्रिकल बिघाड सहसा वगळलेला असतो; तुमची वाचून पाहा.

तक्रारीची मुदत २ वर्षांची, पण सेंटरच्या सीसीटीव्हीचं फुटेज तेवढं थांबणार नाही. याच आठवड्यात स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा, त्यात तारीख-वेळ देऊन फुटेज जपून ठेवायला सांगा आणि पैसे भरायला १५ दिवस द्या.