लाभांश घेतला नाही, तरी फॉर्म ५४७१ भरावा लागतो

गेल्या वर्षी ग्रीन कार्ड मिळाले, नाशिकच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत ७० टक्के शेअर आहेत, कंपनी भारतात कर भरते, लाभांश एक रुपयाही घेतलेला नाही, मग अमेरिकेत काय कळवायचे, हा आपला प्रश्न वाचला आणि माझी जुनी डोकेदुखी आठवली. माझी कंपनी पुण्यात होती; ६० टक्के शेअर माझे, बाकीचे आईचे. मी करसल्लागार नाही, त्यामुळे निर्णय जाणकाराला विचारूनच घ्यावा.

मी ज्या कार्यालयातून विवरणपत्र भरून घेत असे, त्यांच्या प्रश्नावलीत परदेशी बँक खात्याचा प्रश्न होता, परदेशी कंपनीचा नव्हता. मी समासात पेनाने ‘पुण्यात कंपनी, ६० टक्के’ असे लिहून दिले होते. त्या पानाची प्रत आजही माझ्याकडे आहे. समोरच्या बाईंनी ते वाचले, ‘तिथून काही उत्पन्न आले का?’ असे विचारले, मी नाही म्हणताच पान उलटले. अशी तीन वर्षे गेली. पुढे एका सहकाऱ्यामुळे फॉर्म ५४७१, म्हणजे परदेशी कंपनीतील मालकीची माहिती अमेरिकी करखात्याला देणारा फॉर्म, कळला, तेव्हा त्याच कार्यालयाने सुधारित विवरणपत्रांना फॉर्म जोडून पाठवून द्या, एवढेच सांगितले. उशीर का झाला याचे सविस्तर निवेदन मी सोबत जोडले नाही, आणि हीच चूक मला सर्वांत महागात पडली. कंपनी तिन्ही वर्षे तोट्यात होती, कर शून्य होता, तरीही दर वर्षाचे १०,००० याप्रमाणे ३०,००० डॉलर दंडाची नोटीस आली. चौदा महिन्यांच्या पत्रव्यवहारानंतर दोन वर्षांचा दंड माफ झाला, एका वर्षाचा भरावा लागला. कर बुडवला नसताना हे सोसावे लागले, याचा राग अजून जात नाही.

नोटिशीनंतर ९० दिवसांत फॉर्म गेला नाही, तर पुढील प्रत्येक ३० दिवसांना आणखी १०,००० डॉलर लागतात, कमाल ५०,००० पर्यंत. शिवाय हा फॉर्म न दिल्यास त्या वर्षाच्या विवरणपत्राच्या तपासणीची मुदत सुरूच होत नाही, म्हणजे करखाते ते वर्ष कितीही उशिरा उघडू शकते, हे मला दंडापेक्षाही गंभीर वाटते.

आपली कंपनी नफ्यात असेल, तर न वाटलेल्या नफ्यावरही आपल्याला अमेरिकेत कर लागू शकतो, ज्याला २०१८ ते २०२५ च्या करवर्षांत ‘गिल्टी’ (GILTI) म्हणत. परंतु कंपनीने भारतात भरलेल्या कराचा परिणामकारक दर १८.९ टक्क्यांहून अधिक असल्यास उच्च करदराची सवलत, म्हणजे तो नफा या करातून वगळण्याची मुभा, निवडता येते. कंपन्यांना कमी दर निवडू देणाऱ्या, १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ११५बीएए खालील भारतीय दर अधिभार व उपकर धरून २५.१६८ टक्के आहे. मात्र हिशोब अमेरिकी नियमांनी करावा लागतो आणि निवड विवरणपत्रातच नोंदवावी लागते. निम्म्याहून अधिक मालकी असल्यामुळे कंपनीची बँक खातीही एफबारमध्ये (FBAR, परदेशी बँक खात्यांची अमेरिकेला द्यायची माहिती) येतात, हे बहुतेक जण विसरतात.

भारतातील सीए मार्चअखेरचा ताळेबंद देतात, अमेरिकेला बहुधा जानेवारी ते डिसेंबरचा हिशोब लागतो. म्हणून मी आता दर जानेवारीत ३१ डिसेंबरचा ट्रायल बॅलन्स (सर्व खात्यांच्या शिलकींची यादी) मागवून ठेवतो. तो वेळेत येणार नसेल, तर १५ एप्रिलच्या आत फॉर्म ४८६८ भरून मुदत १५ ऑक्टोबरपर्यंत वाढवून घ्यावी. ५४७१ विवरणपत्रासोबतच जात असल्याने त्यालाही ती मुदत मिळते, देय कर मात्र एप्रिलमध्येच भरावा लागतो.