कुंपणावरचे कृष्णकमळ आणि झोपेचा काढा

प्रश्न : आमच्या कुंपणावर जांभळ्या कृष्णकमळाचा वेल भरभरून फुलला आहे. युरोपात राहणारा माझा मुलगा सांगतो की तिकडे याच वेलाचा चहा शांत झोपेसाठी विकत मिळतो. मग घरच्या फुलांचा काढा करून रात्री घ्यावा का? – एक वाचिका, सांगली

उत्तर : मुलगा सांगतो ते खरे आहे, मात्र तो चहा ज्या वेलापासून होतो तोच तुमच्या कुंपणावर असेल असे नाही, आणि तो नुसत्या फुलांचाही नसतो. झालरीतले तंतू म्हणजे शंभर कौरव, पाच पुंकेसर म्हणजे पांडव आणि वरचे तीन फाटे म्हणजे ब्रह्मा-विष्णू-महेश, अशी ज्या फुलाची ओळख आपण लहानपणी करून घेतो, ते पॅसिफ्लोरा या गटातल्या अनेक जातींना लागते आणि त्या सगळ्यांना आपण सरसकट कृष्णकमळच म्हणतो. (स्पॅनिश मिशनऱ्यांना त्याच फुलात ख्रिस्ताचा काटेरी मुकुट, पाच जखमा आणि तीन खिळे दिसले.) मन शांत करण्यासाठी युरोपात मान्यता आहे ती यांतल्या पॅसिफ्लोरा इन्कार्नाटा या जातीला. ती मूळची अमेरिकेच्या आग्नेय भागातली असून औषधासाठी तिचा जमिनीवरचा सगळा भाग, म्हणजे पाने, कोवळ्या फांद्या आणि फुले, वाळवून घेतात.

इन्कार्नाटाचे पान बहुधा तीन भागांत विभागलेले असते, तर निळसर फुलांच्या सेरूलिया जातीचे पाच भागांत. आणि या दुसऱ्या जातीत सायनाइड सुटू शकेल अशी द्रव्ये असतात. तीन भागांची पाने इतरही जातींना असल्यामुळे केवळ पान पाहून काढा उकळणे मला धोक्याचे वाटते. वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराने जात ओळखून दिल्याशिवाय ते करू नये.

युरोपीय औषध संस्थेने इन्कार्नाटाला सौम्य ताणासाठी आणि झोपेसाठी मान्यता दिली आहे ती दीर्घकाळच्या वापराच्या आधारावर, खात्रीशीर चाचण्यांच्या नव्हे. प्रमाण आहे 150 मिलिलीटर उकळत्या पाण्यात 1 ते 2 ग्रॅम वाळलेली वनस्पती, दिवसातून 1 ते 4 वेळा. बारा वर्षांखालील मुले, गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांनी ती टाळावी. तिने गुंगी येऊ शकते, म्हणून घेतल्यावर वाहन चालवू नये, आणि झोपेच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावे. दोन आठवड्यांनंतरही झोप लागत नसेल, तर चहा बदलण्याऐवजी तपासणी करून घ्यावी.