तळ्याकाठचा मोथा आणि त्याचे बी

प्रश्न : हिप्परगा तलावाच्या काठी आमची शेती आहे. पाणी ओसरलेल्या पट्ट्यात पूर्वी कमरेएवढे उंच, तिधारी दांड्याचे आणि तपकिरी तुऱ्यांचे लव्हाळ्यासारखे गवत दाट उगवत असे. काठाचा गाळ काढल्यापासून ते दोन-चार ठिकाणीच उरले आहे. त्याचे बी घरी जपता येईल काय? शेजारी म्हणतात, लव्हाळा कोणी जपतो का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : ज्याने रानातला लव्हाळा खुरपून त्याच्या गाठी वेचल्या आहेत, त्याच्यापुढे या कुळाची बाजू मांडणे अवघडच आहे. तथापि आपली वनस्पती शेतातला लव्हाळा दिसत नाही. तो कमरेएवढा वाढत नाही. दोन्ही मोथा कुळातल्या असून गवत यापैकी एकही नाही. दांडा चिमटीत फिरवल्यास तीन धारा बोटांना लागतात आणि तो मोडल्यास आत भरीव गर दिसतो.

नेमकी जात मात्र वर्णनावरून सांगता येणार नाही, कारण या कुळात ओळख बरीचशी पिकलेल्या बीवरच ठरते. म्हणून पक्व तुऱ्यासह एक रोप मुळासकट वर्तमानपत्रात दाबून वाळवावे आणि महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात किंवा भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुणे येथील कार्यालयात दाखवावे.

तुरा तळहातावर हलकेच चोळल्यावर दाणे आपोआप सुटले, तर बी पिकले असे समजावे. काही दाणे नखाने फोडून पाहावेत. आत पांढरा पिठूळ गर हवा, कारण पुष्कळदा नुसती टरफलेच हाती येतात. झाडे थोडी उरली असल्याने पिकलेल्या बियांपैकी पाचव्या हिश्श्याहून अधिक घेऊ नये. बी सावलीत पसरून वाळवावे, नंतर कोरडे भाजून थंड केलेले तांदूळ तळाशी घातलेल्या घट्ट झाकणाच्या बरणीत कापडी पुरचुंडीत ठेवावे आणि बरणी फ्रिजमध्ये ठेवावी. बियांतील ओलावा एक टक्क्याने उतरला की त्यांचे आयुष्य साधारण दुप्पट होते, आणि तापमान ५ अंशांनी उतरले तरीही तसेच होते, असा बीजशास्त्रातला ढोबळ नियम आहे. सोलापूरच्या मे महिन्यात माळ्यावर ठेवलेल्या डब्याचे काय होत असेल, याची कल्पना त्यावरून यावी.

परंतु माझ्या मते बरणी ही दुय्यम गोष्ट आहे. या वनस्पतींचे खरे कोठार काठच्या चिखलाच्या वरच्या चार-सहा बोटांच्या थरात असते. पाण्याखाली उजेड नसल्याने तेथील बी वर्षानुवर्षे निपचित पडून राहते आणि पाणी हटून चिखल उघडा पडला, दिवसरात्रीच्या तापमानातला फरक त्याला जाणवू लागला, की उगवते. १८७१ साली पूर्ण झालेल्या या तलावातला गाळ काढणे आवश्यक आहे आणि शेताला तो उपयोगीही आहे; मात्र यंत्राचे फावडे पहिल्यांदा हाच थर उचलते. काठाचा काही पट्टा न खरवडता सोडावा, किंवा वरचा वीतभर थर वेगळा काढून काम संपल्यावर पुन्हा तेथेच पसरावा, एवढी विनंती ग्रामपंचायतीमार्फत करता येईल.

खात्री हवी असल्यास काठचा चिखल घमेल्यात दोन बोटे जाडीने पसरून अंगणात उन्हात ठेवावा आणि तो सतत ओला राखावा. वरून माती घालू नये, कारण अनेक मोथ्यांच्या बियांना उगवण्यास उजेड लागतो. काही आठवड्यांत हिरव्या सुया दिसू लागल्या, तर आपले कोठार अजून शाबूत आहे.

प्रश्न : हेच बी सोलापूर शहरातल्या संभाजी तलावात टाकावे काय?

उत्तर : जात निश्चित होईपर्यंत मुळीच नाही. शिवाय जेथे जलपर्णीने पाणी झाकले आहे, तेथे ते टाकणे म्हणजे वाया घालवणेच होय.