मरताना म्हणाला ‘जाळून टाका’, कोणी ऐकलंच नाही

प्रश्न : परवा विरार लोकलमध्ये मैत्रीण म्हणाली की व्हर्जिल नावाच्या रोमन कवीने स्वतःचंच महाकाव्य जाळायला सांगितलेलं. मला वाटलं थापा मारतेय. खरंय का हे? एवढं लिहून कोण जाळतं?
– एक वाचक, नालासोपारा

उत्तर : थाप नाही हो ताई, त्याच्या जुन्या चरित्रात ही गोष्ट आहे. आपल्याकडे तुकोबांच्या वह्या दुसऱ्यांनी बुडवायला लावल्या, इथे हा गडी स्वतःच काडी मागतोय!

मुळात माणूस भयंकर चिकट. ‘ईनिड’ हे ते महाकाव्य 11 वर्षं लिहीत होता, ओळी 9,896, म्हणजे हिशोब केलात तर दिवसाला धड अडीच ओळीसुद्धा भरत नाहीत. अस्वलीण पिल्लाला चाटून चाटून आकार देते तशा मी ओळी घडवतो, असं म्हणायचा म्हणे. अजून 3 वर्षं फक्त पॉलिश करायची म्हणून इ.स.पू. 19 मध्ये ग्रीसला गेला, तिथे सम्राट ऑगस्टस भेटला, त्याच्याबरोबर परत फिरला, उन्हात हिंडून ताप भरला आणि इटलीच्या किनाऱ्यावर ब्रुंडिसियमला पोचून गेलाच. वय जेमतेम 50. शेवटी हस्तलिखितांच्या पेट्या मागत होता, जाळायला, पण एकानेही आणून दिल्या नाहीत. मग ऑगस्टसच्या हुकमाने मित्र वारियस आणि टुक्का यांनी काव्य बाहेर काढलं, आणि अर्धवट ओळी तशाच ठेवल्या, हे मला फार आवडतं. अशा पन्नासहून जास्त आहेत.

त्यातली एक बघा. ग्रीकांनी ट्रॉय शहर पाडल्यावर तिथल्या राजपुत्र हेक्टरची विधवा अँड्रोमाकी खूप वर्षांनी काव्याचा नायक ईनिअसला भेटते, तिचं स्वतःचं पोर मारलं गेलंय, आणि ती त्याच्या पोराची चौकशी करते, जिवंत आहे ना तो, ज्याला तुझ्यासाठी ट्रॉयमध्ये... बस्स, ओळ तिथेच तुटते. अभ्यासक म्हणतात राहून गेली. मला विचाराल तर बाईचा गळा दाटून आला.

बाकी इटालियन कवी डान्टेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’त नरकात वाट दाखवणारा तो हाच व्हर्जिल, आणि त्या डान्टेच्या काव्याचं एक फार जुनं हस्तलिखित आपल्या फोर्टात, टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीकडे आहे, मैत्रिणीला हेही सांगा. ‘ईनिड’ वाचायचं असेल तर दुसऱ्या सर्गापासून सुरू करा, ग्रीक ज्यात लपून ट्रॉयमध्ये घुसले तो लाकडी घोडा तिथेच आहे.