सगळं मीच करतो, तरी ती गप्प का?

“ताई, वकील मी गाठला, फॉर्म मी भरले, फी मी भरली. इथे आल्यापासून तिला कसला म्हणून त्रास होऊ दिला नाही. तरी दिवसेंदिवस गप्प होत चाललीय. माझं कमी कुठे पडतंय?”

मी जोडप्यांचं समुपदेशन करते, आणि लग्न करून बायकोला अमेरिकेत आणलेले नवरे हा प्रश्न मला वारंवार विचारतात. बायको कधी नाशिकची असते, कधी मनिलाची. ही चेंगदूची होती, म्हणजे चीनच्या सिचुआन प्रांतातली. नवरा डोंबिवलीचा, चाळिशीचा, अमेरिकन नागरिक झालेला. घर कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) तो बोलत होता तेव्हा ती शेजारीच बसली होती. मांडीवर गरम पाण्याचा थर्मास, हातात प्लॅस्टिकची फाईल. मी तिला काही विचारलं की उत्तर तोच द्यायचा.

म्हणून पहिल्यांदा त्यालाच बाहेर बसवलं आणि पुढच्या भेटीला मँडरिन बोलणारी दुभाषी बोलावली. नवऱ्याला दुभाषी करायचं नाही, हा माझा नियम आहे. माणूस कितीही चांगला असो, बायकोची तक्रार तो स्वतःच्या तोंडून सांगताना थोडी गुळगुळीत करतोच.

ती बाई चेंगदूत एका ऑडिट फर्ममध्ये होती. दुसऱ्यांच्या वह्या तपासायच्या, चुका काढायच्या, कंपनीच्या मालकांना खडसावून विचारायचं. “आणि इथे,” ती म्हणाली, “घरात आलेलं पत्र विजेच्या बिलाचं आहे की जाहिरातीचं, हे मी संध्याकाळी त्याला विचारते.” कोणाविषयी राग नव्हता त्या बोलण्यात. नुसती लाज होती.

आता कागदांचा प्रवास थोडक्यात सांगते, कारण पुढचं बरंच त्यात अडकलेलं आहे. लग्न चेंगदूत नोंदवलं. त्याने आय-१३० अर्ज केला, म्हणजे ही माझी बायको, हिला इथे आणू द्या, असा. तो मंजूर झाल्यावर प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे मुलाखतीआधी कागद गोळा करणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे गेलं. तिथे त्याने आय-८६४ हे हमीपत्र भरलं, की माझं उत्पन्न सरकारने ठरवलेल्या दारिद्र्यमर्यादेच्या किमान १२५ टक्के आहे आणि हिचा भार मी उचलेन. तिने तिकडे जन्माचा, लग्नाचा, गुन्हा नसल्याचा असे दाखले नोटरी कार्यालयातून भाषांतरासह काढले. मुख्य भूमीवरच्या चीनमधले स्थलांतराचे व्हिसा ग्वांगझोच्या अमेरिकन वकिलातीतच होतात, म्हणून मुलाखतीला तिकडे. सगळ्याला वर्षाच्या वर लागलं. ती अमेरिकेत उतरली तेव्हा लग्नाला दोन वर्षं झालेली नव्हती, त्यामुळे ग्रीन कार्ड मिळालं ते दोन वर्षांचं, अटी असलेलं. त्या अटी काढायला कार्डाची मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ भरावा लागतो.

तिच्या फाईलमध्ये होतं ते हे कार्डाचं प्रकरण. मुदतीच्या तारखेभोवती लाल पेनने गोल केलेला, शेजारी चिनी अक्षरांत काहीतरी. आणि मग हळूहळू बाहेर आलं की एकदा भांडणात तो बोलून गेला होता, “माझ्यामुळे तू इथे आहेस, हे विसरू नकोस.” त्याच्या लेखी ते भांडणातलं वाक्य. दुसऱ्या दिवशी तो विसरलाही. तिने त्याचा अर्थ सरळ लावला. तारीख येईल तेव्हा या माणसाने सही केली नाही तर?

मी वकील नाही, म्हणून त्यांना स्थलांतराच्या वकिलाकडे धाडलं, दोघांना एकत्र आणि तिला एकदा वेगळंही. पण इतकं मलाही सांगता येत होतं की नवरा ग्रीन कार्ड मनात आलं म्हणून रद्द करू शकत नाही. लग्न खरं होतं पण मोडलं, किंवा घरात छळ झाला, तर आय-७५१ एकटीलाही भरता येतो. आणि ते आय-८६४? घटस्फोट झाला तरी ती हमी सुटत नाही. बायको नागरिक होईपर्यंत किंवा तिच्या नावावर साधारण दहा वर्षांच्या कामाची नोंद होईपर्यंत ती चालू राहते. त्या कागदाने बांधला गेलाय तो, ती नाही. हे ऐकताना ती पहिल्यांदा हसली. त्यानेही हसावं अशी माझी अपेक्षा होती, पण त्याचा चेहरा उतरला. बायको इतके महिने आपल्याला घाबरून राहत होती, हे त्याला तेव्हा कळलं.

इथे एक स्पष्ट करते. जो नवरा बायकोचा पासपोर्ट स्वतःच्या कपाटात ठेवतो, फोन तपासतो, “परत पाठवीन” म्हणतो, त्याची गोष्ट ही नव्हे. तिथे जोडप्याचं समुपदेशन करायचं नसतं, तिथे त्या बाईला सुरक्षित जागा आणि वकील लागतो. हा नवरा तसा अजिबात नव्हता. याने बायकोला देव्हाऱ्यातला देव केलं होतं: दोन्ही वेळा नैवेद्य, पण उठून कुठे जायची सोय नाही. घराचा भाडेकरार त्याच्या नावावर, बँकेचं खातं त्याचं, तिच्या हातात त्याच्या कार्डाची एक जादा प्रत. प्रत्येक खर्चाचा मेसेज त्याच्या फोनवर. “मी कधी विचारतो का?” तो म्हणाला. विचारत नव्हता, खरंय. पण चिनी दुकानातून लोणच्याच्या भाज्या आणल्या तरी तो फोन वाजतो, हे तिला माहीत होतं.

गंमत बघा, आय-७५१ सोबत सरकार पुरावे मागतं ते कसले? दोघांच्या नावाचा भाडेकरार, संयुक्त खातं, एकमेकांच्या नावाने विमा, एकत्र भरलेला कर. स्थलांतर खात्याबद्दल माझं मत फारसं बरं नाही, पण ही यादी मात्र मी जोडप्यांना लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यात देईन. आम्ही ती पुराव्यासाठी नाही, घरासाठी म्हणून सुरू केली. करारावर तिचं नाव, संयुक्त खातं आणि शिवाय तिचं एकटीचं एक छोटं खातं, ज्याचा मेसेज कोणालाच जात नाही.

गाडीचा विषय निघाला की दोघं एकदम बोलायला लागायची. तो रविवारी मोकळ्या पार्किंगमध्ये तिला शिकवायचा आणि दोघं रडवेली होऊन घरी यायची. नवऱ्याने बायकोला गाडी शिकवू नये. इथे चीन, भारत, अमेरिका असा काही भेद नाही. लेखी परीक्षा कॅलिफोर्नियात चिनी भाषेत देता येते, ती तिने सहज दिली. रस्त्यावरच्या परीक्षेत परीक्षक इंग्रजीत सूचना देतो, त्यासाठी मँडरिन बोलणारा शिक्षक पैसे देऊन लावला. “पैसे कशाला घालवायचे, मी आहे ना,” हे वाक्य त्याने तेव्हाही म्हणून पाहिलं. “मी आहे ना” मी त्याला महिनाभर बंद करायला सांगितलं.

मधल्या काळात त्याची आई डोंबिवलीहून उन्हाळ्यासाठी आली. मला धास्ती होती: सासूबाई शाकाहारी, सून डुकराचं मांस आवडीने खाणारी, एक ओटा. पण भांड्यांचा प्रश्न त्यांनी दोन वेगळ्या कढया करून संपवला, त्यात माझा काही वाटा नाही. जमलं ते पाण्यावर. हॉटेलात बसल्याबरोबर बर्फाचं पाणी समोर येतं, त्याने दोघींच्या अंगावर काटा यायचा. घसा धरला, पोट बिघडलं की गरम पाणी, बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही, महिनाभर तिने घराबाहेर पडायचं नाही, हे चेंगदूत जसं तसं डोंबिवलीत. मुलगा ऑफिसला गेला की दोघी बार्टचं, म्हणजे इथल्या लोकलचं स्टेशन गाठायच्या. एकीला इंग्रजी वाचता यायचं पण बोलायची भीती, दुसरी चुकीचं इंग्रजी बिनधास्त बोलायची. सासू स्टेशनवरच्या माणसाशी भांडायची, सून नकाशा वाचायची. सासूबाईंनीच एकदा फोनवर मला सांगितलं, “अहो, मी सहा महिन्यांनी घरी जाणार म्हणून मला हे घर सोसतं. तिला रोज सोसायचंय. तुम्ही त्याला सांगा, तिला जरा मोकळं सोड.” माझ्या कितीतरी तासांचं काम बाईंनी एका वाक्यात केलं, आणि आईने सांगितलेलं तो माझ्यापेक्षा लवकर ऐकायचा.

कामाचं काय, हा प्रश्न उरला. ग्रीन कार्डावर आल्यामुळे कामाची परवानगी पहिल्या दिवसापासून होती. (तुम्ही स्वतः अजून एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर बायको एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर येते आणि तिची परवानगी तुमच्या ग्रीन कार्डाच्या टप्प्यावर अवलंबून राहते. पण एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते: नोकरीवरच्या ग्रीन कार्डाची रांग जन्माच्या देशाप्रमाणे लागते, पण जोडीदाराचा जन्म चीनमधला असेल तर भारताऐवजी चीनच्या रांगेत उभं राहता येतं, आणि ती रांगही लांब असली तरी बहुतेक वेळा आपल्याहून पुढे असते. वकिलाला जरूर विचारा.) नवऱ्याचं म्हणणं, घाई काय आहे, आधी इंग्रजी पक्कं कर. मी उलट म्हणते. इंग्रजी कामातूनच पक्कं होतं. अॅडल्ट स्कूलचे वर्ग तिने सुरू केले, ते बरे होते. कॉलेजात अकाउंटिंगचे विषय घ्यायचे तर राज्यात वर्षभर राहिल्याशिवाय स्थानिकांची फी लागत नाही, म्हणून ते थांबवलं. मधल्या हिवाळ्यात ती व्हिटा या कर खात्याच्या कार्यक्रमात स्वयंसेवक झाली. कमी उत्पन्नाच्या लोकांचे कर-अर्ज तिथे फुकट भरून देतात. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते, आणि परीक्षा म्हटल्यावर ही बाई खुलली. म्हातारे चिनी जोडपे यायचे, मेक्सिकन माळी यायचे. आकडे तिला कळायचे, माणसं हळूहळू कळायला लागली. एप्रिलमध्ये नवरा माझ्याकडे तक्रार घेऊन आला की आमचा अर्ज हिने स्वतः भरला, आणि आता मागच्या वर्षीच्या पावत्या मागतेय.

पण एक दुःख असं आहे की ज्याला गाडी आणि नोकरी पुरत नाही. ती एकुलती एक. एका अपत्याच्या धोरणात जन्मलेल्या तिच्या पिढीत बहुतेक शहरी घरांत तसंच आहे. वडिलांना मधुमेह. फ्रीमाँटला उन्हाळ्यात संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा चेंगदूत दुसऱ्या दिवशी सकाळचे आठ. त्या वेळेला नवरा ऑफिसातून यायचा, आणि वीचॅट या चिनी अॅपवर आई-वडिलांशी बोलणारी बायको हात करून त्याला गप्प राहायला सांगायची. त्याला वाटायचं, दिवसभराने आलो तर हिला माझी किंमत नाही. त्याला हे लागलेलं मला समजतं. तरी त्या अर्ध्या तासाला हात लावू नकोस, असंच मी त्याला सांगितलं. फिरून ये, भाजी आण, किंवा त्या पडद्यात डोकावून दोन शब्द बोल. त्याने शेवटचं निवडलं. त्याचं मँडरिन ऐकून सासरा खो खो हसतो म्हणे.

आई-वडील व्हिजिटर व्हिसावर येऊन जाऊ शकतात. कायमचं आणायचं तर तिने आधी अमेरिकन नागरिक व्हायला हवं. नागरिक नवऱ्याबरोबर राहणाऱ्या बायकोला ग्रीन कार्डानंतर तीन वर्षांनी अर्ज करता येतो. पण १९८० च्या चिनी नागरिकत्व कायद्यानुसार दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की चीनचं आपोआप जातं. भारताचंही जातं, पण आपल्याला निदान ओसीआय आहे, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय येऊ-राहू देणारं कार्ड. तिकडे तसं काही नाही. म्हणजे आई-वडिलांना आणायचं तर त्यांच्याच घरी व्हिसा काढून जायचं. वडील म्हणतात, आम्ही चेंगदू सोडणार नाही, तू पासपोर्ट सोडू नकोस. नवरा म्हणतो, अर्ज करून टाक, उद्या काही झालं तर. ग्रीन कार्डावर आयुष्यभर राहता येतं, वर्षाहून जास्त बाहेर राहायचं तर आधी परवाना काढावा लागतो, एवढं मी दोघांना सांगितलंय. आय-७५१ ची फाईल तिने स्वतः लावली, अनुक्रमणिकेसकट. नागरिकत्वावर अजून एकमत नाही, आणि त्यासाठी ते सध्या महिन्यातून एकदा येतात.