पोलंडमधल्या मालबोर्क किल्ल्यातलं जुनं किती आणि नंतर बांधलेलं किती? ग्दान्स्क शहरातून एका दिवसात नीट पाहून होतो का?

दिवस पुरतो. ग्दान्स्कच्या मुख्य स्थानकावरून थेट गाड्या आहेत. गाडीनुसार अर्धा तास ते तासभर लागतो, आणि मालबोर्क स्टेशनापासून किल्ला पायी साधारण २० मिनिटांवर आहे. आत निदान साडेतीन तास धरा. दुपारी तीनला पोचणाऱ्यांचा वरचा किल्ला पाहायचा राहतो, आणि सगळ्यात जुना भाग तोच आहे. सोमवारी आतली दालनं सहसा बंद असतात, फक्त आवारात फिरण्याचं तिकीट मिळतं. त्यामुळे वार आधी तपासा.

आता मुख्य प्रश्न. हा किल्ला ट्युटॉनिक ऑर्डर या जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाने १२७० च्या दशकात नोगात नदीकाठी बांधायला घेतला. १३०९ मध्ये संघाच्या प्रमुखाचं ठाणं व्हेनिसहून इथे हललं आणि मठवजा कोटाची राजधानी झाली. तो सगळा विटांचा का, हे सह्याद्रीतले किल्ले पाहिलेल्याला पटकन खटकतं. आपल्याकडे पायाखालीच काळा पाषाण आहे. तिथे सपाट मैदान, मुबलक चिकणमाती, आणि दगड म्हणाल तर हिमनद्यांनी आणून टाकलेले ग्रॅनाइटचे गोटे. ते पायात गेले, वर वीट चढली. डोंगराचा आधार नाही, म्हणून संरक्षण नदी, खंदक आणि एकामागे एक तटांचं.

जुनं-नवं ओळखायला तीन तारखा लक्षात ठेवा. १७७२ मध्ये किल्ला प्रशिया या जर्मन राज्याकडे गेला. त्यांनी तिथे बराकी आणि कोठारं केली आणि आतली बरीच मोडतोड केली. १८८२ पासून कॉनराड स्टाइनब्रेख्त यांनी जवळजवळ ४० वर्षं जीर्णोद्धार केला. भिंतींतल्या खुणा आणि उत्खननात सापडलेले तुकडे यांवर त्यांचा भर होता, तरी रंगकाम, काचचित्रं, छपरं यांत त्यांच्या काळाची कल्पनाही मिसळली आहे. मग दुसऱ्या महायुद्धात, १९४५ च्या लढाईत निम्म्याहून जास्त किल्ला पडला. मुख्य मनोरा आणि चर्चची पूर्वेकडची बाजू कोसळली. आजचं बरंचसं रूप १९६१ मध्ये संग्रहालय झाल्यानंतरच्या कामाचं आहे.

भिंतीजवळ जाऊन विटांचे थर पाहा. दोन विटांच्या लांब बाजू आणि मग एकीचं आखूड तोंड, अशी रचना साधारण चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंतची. लांब बाजू आणि तोंड एकाआड एक असतील तर त्यानंतरची. कडा धारदार, आकार सारखा, रंग एकसुरी असेल तर ती वीट बहुधा जीर्णोद्धारातली. एकाच भिंतीत हे सगळे प्रकार भेटतात, म्हणून ‘ही भिंत जुनी’ असं सरसकट म्हणता येत नाही.

मधल्या किल्ल्यातलं मोठं भोजनगृह घाईने ओलांडू नका. तीन सडपातळ ग्रॅनाइटच्या खांबांवर अख्खं छत पेललेलं आहे. जमिनीतली झाकणं असलेली भोकं शोधा. खाली तळघरात भट्टी असे, तिच्यावर गोट्यांचा ढीग. आधी जाळ करून धूर धुराड्यातून सोडायचा, दगड तापले की जाळ विझवून धुराडं बंद करायचं, मग झाकणं उघडायची. धुराशिवाय नुसती गरम हवा वर येई.

प्रमुखाच्या वाड्यातल्या उन्हाळी दालनाला मध्ये एकच खांब आहे आणि भिंतीत तोफेचा दगडी गोळा अडकलेला. १४१० मध्ये ग्रुनवाल्डच्या लढाईत संघाला हरवल्यानंतर पोलिश-लिथुआनियन फौजेने जवळपास दोन महिने वेढा दिला. खांब पाडून छत खाली आणायला हा गोळा डागला, अशी दंतकथा सांगतात. वेढ्याने किल्ला पडला नाही. पगार थकलेल्या संघाच्याच भाडोत्री सैनिकांनी १४५७ मध्ये तो पोलंडच्या राजाला विकून टाकला!

वरच्या किल्ल्याला आपल्या भाषेत बालेकिल्ला म्हणा. चौक, विहीर, दुमजली ओवऱ्या, आणि कमानींवरच्या लांब सज्जाने जोडलेला शौचाचा मनोरा, मुद्दाम वस्तीपासून दूर ठेवलेला. चर्च २०१६ मध्ये पुन्हा खुलं झालं, पण आतल्या युद्धाच्या जखमा तशाच राखल्या आहेत. माझ्या मते अख्ख्या किल्ल्यातला सगळ्यात प्रामाणिक जीर्णोद्धार हाच: उरलं ते उरलं आणि गेलं ते गेलं, दोन्ही दिसतं.

जाडजूड भिंतींमुळे आत मे-जूनमध्येही गारवा असतो, एक स्वेटर जवळ ठेवा. फरशी उंचसखल आणि जिने बरेच आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी बेताने चालावं. बाहेर पडल्यावर पादचारी पुलावरून नोगात ओलांडून पलीकडे जा. नदीकडची बाजू पश्चिमेची आहे, त्यामुळे तिच्यावर ऊन दुपारनंतरच येतं. फोटो तेव्हाच काढा.