निनग की निमग?

प्रश्न : काका, मी खानापूर तालुक्यातला. डिप्लोमा करून आठ महिन्यांपूर्वी बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला लागलो. हायड्रॉलिक सिलिंडरचं काम आहे. मागच्या आठवड्यात मशीनवरून उतरलेला 100 मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) मी लगेच मोजला, मोठा आला. ऑपरेटर बैलहोंगलकडचे, पन्नाशी ओलांडलेले. ते कन्नडमध्ये म्हणाले, ‘तडी, तण्णग आगली’, म्हणजे थांब, थंड होऊ दे. मी सगळ्यांसमोर ‘निनग गोत्तिल्ल’ (तुला माहीत नाही) म्हणून पीसवर नापासाचा लाल रंग मारला. दुसऱ्या दिवशी मोजलं तर पीस लिमिटमध्ये होता. गुपचूप रंग पुसून पास केला. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. काय करू?

उत्तर : तू स्वतःहून लिहिलंस, याचं मला बरं वाटलं.

आधी त्या ‘निनग’बद्दल. आपल्याकडची मराठी मुलं कन्नड शिकतात ती गल्लीत, गोट्या आणि क्रिकेट खेळताना. तिथं सगळे बरोबरीचे, म्हणून तोंडात ‘नी’ (तू) आणि ‘निनग’ (तुला) हेच बसतं. ‘नीवु’ (तुम्ही), ‘निमग’ (तुम्हाला), वाक्याच्या शेवटचं ते आदराचं ‘री’ कुणी मुद्दाम शिकवत नाही. मीही तसाच. 1984 साली कामाला लागलो, वय 21. आमच्या टूलरूममधले वयस्कर टर्नर माझ्याशी मराठीत ‘तुम्ही’ म्हणून बोलायचे आणि मी त्यांना कन्नडमध्ये ‘नी’ म्हणायचो. दोन वर्षांनी दुसऱ्याच कुणीतरी मला ते सांगितलं. त्या माणसानं स्वतः कधी चकार शब्द काढला नाही. आजही आठवलं की जीव कसानुसा होतो.

पण तू ‘निमग’ म्हटलं असतंस तरी ते वाक्य वाईटच होतं. कारण त्यांना माहीत होतं. मोजमापाचं प्रमाण तापमान 20 अंश सेल्सिअस. 100 मिलिमीटरचा पोलादी बोअर 10 अंशांनी गरम असेल तर 11-12 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठा दिसतो. एच7 फिटमध्ये मापात इकडेतिकडे व्हायला तुला एकूण सूट मिळते 35 मायक्रॉन. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश तर नुसत्या उष्णतेनं खाल्ले. ‘थांब, थंड होऊ दे’ यात त्यांनी हेच सगळं सांगितलं होतं, बाळा.

मला जास्त खटकलं ते रंग गुपचूप पुसणं. लाल रंग दहा जणांनी पाहिला, पुसलेला कुणीच नाही. त्या दहा जणांच्या लेखी तो पीस अजून त्या ऑपरेटरनीच बिघडवलेला आहे. त्यामुळे कँटीनच्या कोपऱ्यात माफी मागून भागणार नाही. शिफ्ट बदलताना, दोन्ही पाळ्यांची माणसं असताना त्यांच्या मशीनपाशी जा. ‘तप्पात्री, पीस सरी इत्तरी’ (चूक झाली, पीस बरोबर होता) एवढंच म्हण. कन्नड मोडकंतोडकं असू दे, मराठीत सांगू नकोस. ज्या भाषेत दुखावलंस त्याच भाषेत बोल. कारणं देऊ नकोस, पाया पडून त्यांना अवघडवू नकोस. रिपोर्टमध्येही पहिलं माप गरम असतानाचं होतं असं लिही आणि सुपरवायझरला दाखव.

ते लगेच बोलतील असं नाही. चार दिवस जातील, महिनाही जाईल. तोवर ‘ऊटा आतेनरी?’ (जेवण झालं का?) रोज विचारत राहा, उत्तर आलं नाही तरी. आणि पुढचा गरम बोअर हातात आला की गेज खिशातच ठेव, त्यांच्याकडे जा आणि किती वेळ थांबू ते विचार.